अधांतरी दार

रविवारची उपासना संपत आली होती. पाळकांचं प्रवचन झालं होतं, सगळे डोळे मिटून बसले होते, ऑर्गनवर अगदी हळू काहीतरी वाजत होतं, आणि वरून काठीचा ठोका आला. शेवटच्या बाकावरची धाकटी उठली. उठली म्हणजे तिने तसं ठरवलं वगैरे काही नाही. मांडीवरची पिशवी बाकावर ठेवली आणि बाकांच्या दोन रांगांमधून ती झपाझप चालायला लागली. पाय एकदा ओळखीच्या वाटेला लागले की डोक्याची परवानगी घेत बसत नाहीत. जेवणाची खोली ओलांडायची, स्वयंपाकघराचं दार डाव्या अंगाला टाकायचं, की समोर जिना. उजवा हात बरोबर कठड्यावर पडला. तेच लाकूड, तळव्याला तीच गाठ. पायरीही लागली. पण ती एकच होती. दुसऱ्या पायरीसाठी उचललेला पाय हवेतच राहिला, तोल गेला, आणि कठडा धरून धाकटी गुडघ्यांवर आली. ऑर्गन थांबला. मागे कोणीतरी हुंदका दिला. पाळकांनी खाली वाकून दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले.

मग एकेक करून सगळं जागेवर आलं. जिना नाही. माडी नाही. आई नाही. तीन वर्षांपूर्वी आई गेली, थोरल्या भावाने घर विकलं, मेथडिस्ट मंडळींनी ते घेऊन त्याचं चॅपल केलं, आणि आपण वर्षभर दर रविवारी इथे येऊन परक्यासारखं मागच्या बाकावर बसतो. हे सगळं तिला माहीत होतं. माहीत असणं आणि पायांना माहीत असणं यांत मात्र फरक आहे. शिवाय आपल्या हातून भलतंच काय होऊन बसलं, हेही तिला आता उमगलं. प्रवचन संपलं की पाळक दर रविवारी हात पसरून म्हणत, ‘ज्याला बोलावणं आल्यासारखं वाटत असेल त्याने पुढे यावं,’ आणि थोडा वेळ गप्प उभे राहत. ही त्या मंडळींची जुनी रीत. पुढे यायचं, कठड्यापाशी गुडघे टेकायचे, म्हणजे आपलं आयुष्य देवाच्या हवाली केलं. गेल्या कित्येक वर्षांत कोणी पुढे आलेलं नव्हतं. लोक तेवढ्या वेळात डोळे मिटून घरी गॅस बंद केला की नाही ते आठवायचे, आणि पाळकही पसरलेले हात हळूच खाली घेऊन खिशातला रुमाल काढायचे, कारण त्यांना बारा महिने सर्दी. आणि आज, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, शेवटच्या बाकावरची ती कधी कोणाशी न बोलणारी बाई धावत पुढे आली होती. धावतच. त्यांनी दुसरं काय समजायचं?

चहाच्या वेळी तर कहरच झाला. उपासनेनंतर मागच्या खोलीत सगळ्यांसाठी चहा आणि बिस्किटं असत. धाकटी आजवर तिकडे फिरकली नव्हती, दाराच्या आडून सटकायची. आज तिला मधल्या खुर्चीवर बसवलं. माणसं येऊन तिचे हात हातात घेत होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर तिचा हात सोडलाच नाही, चहा गार झाला तरी. धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांच्या कानांमागे, कानशिलांवर, नाकाच्या दांडीवर तिची बोटं फिरायची. काडी सैल आहे का, टोचतंय का, मान जरा वर करा. परक्या माणसांची तोंडं तिच्या तळव्यांना पाठ होती. पण तिला स्वतःला कोणी हात लावून किती दिवस झाले, याचा हिशेब तिने कधी ठेवला नव्हता, आणि आता त्या म्हाताऱ्या, डागाळलेल्या, उबदार हातात आपला हात पडलेला पाहून तिने दुसराही हात त्यावर ठेवला. ते पाहून बाकीच्यांचे डोळे भरले. करायला गेलं एक आणि झालं भलतंच, म्हणतात ते असं. ‘अहो, मी जिन्याकडे निघाले होते,’ हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. ते तिने बिस्किटाबरोबर गिळलं.

घर ऐतिहासिक होतं. दोनशे वर्षांपूर्वी त्याच्या दिवाणखान्यात कुठल्याशा तहावर सह्या झाल्या, अशी दगडी पाटी दर्शनी दाराशी होती. तह वर्षाच्या आत मोडला, हे पाटीवर नव्हतं. ते आई सांगायची. आई शाळेत भूगोल शिकवायची. ‘ज्या तहाने नकाशावरची एक रेघ हलली नाही, त्याची पाटी! आणि मी चाळीस वर्षं पोरांना नद्या दाखवल्या, माझी कोण लावतंय?’ निवृत्त झाली तेव्हा शाळेने तिला नकाशावर दाखवायची तिची काठीच भेट दिली, लांब, काळ्या लाकडाची, टोकाला पितळ बसवलेली. आई म्हणाली, शाळेने पैसे वाचवले. पुढे अंगणात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं, ते काही धड जुळलं नाही, आणि माडीवरच्या पलंगावर पडल्या पडल्या खालच्या माणसाला बोलवायला तीच काठी कामाला आली. पितळी टोक फळ्यांच्या जमिनीवर आपटलं की खाली जेवणाच्या खोलीत आवाज यायचा, कोणी टाळूवर टिचकी मारावी तसा. खालचं माणूस म्हणजे धाकटी. थोरला तोवर दुसऱ्या शहरात स्थिरस्थावर झाला होता, आणि धाकटीचं लग्न व्हायचं होतं ते व्हायचंच राहिलं. एक जण विचारायला आला होता, दुकानात काचा पुरवणारा, चांगला होता. दिवाणखान्यात बसून बोलत असताना वरून ठोका आला, ती वर गेली. परत येऊन बसते तो पुन्हा ठोका. असं चारदोनदा झाल्यावर तो हसून म्हणाला, ‘तुमच्याकडे आधीच कोणीतरी राहतंय.’ त्यानंतर दुकानातल्या काचा दुसरा माणूस आणून द्यायला लागला.

आई वाईट होती असं कोणी म्हणू नये. धाकटी तर कधीच म्हणाली नाही. वर पोचलं की आई आधी म्हणायची, ‘किती वेळ!’ दोन उड्यांत वर आलं तरी ‘किती वेळ!’ मग पाणी, उशी, खिडकी, भांडं, जे काय असेल ते. कधी काहीच नसायचं. ‘काही नाही गं. आहेस की नाही, ते बघितलं.’ अशा वेळी धाकटीला राग यायचा, आणि राग आला म्हणून लाज वाटायची, आणि लाज वाटली म्हणून ती पलंगाच्या कडेला बसून आईचे पाय दाबायची. मग आईची कळी खुलायची, ती काठीने छताकडे दाखवत सांगायची, तो ओलीचा डाग बघ, हुबेहूब द्वीपकल्प, आणि ते बाजूला बेट. एकेका वर्षी तिथे नवा भूभाग तयार व्हायचा. दोघी हसायच्या. लोक म्हणत, धन्य आहे बाई तुझी. थोरला फोनवर म्हणायचा, तू आहेस म्हणून आई आहे. धाकटी ते ऐकून फोन ठेवायची, आणि ठेवता ठेवता ठोका यायचा. इतक्या वर्षांत एकदाही असं झालं नाही की ठोका आला आणि ती गेली नाही. तापात गेली. हातातला घास टाकून गेली. एकदाही चुकवलं असतं तर निदान त्या एका वेळेचं तिला काही वाटलं असतं, वाईट का होईना. तिच्यापाशी तेवढंही नव्हतं.

आई गेल्यावर थोरला आला, डोळे पुसले, महिनाभरात घराचा सौदा केला. ‘आता तू मोकळी, धाकटे,’ तो म्हणाला, आणि तिच्या पाठीवर थोपटलं. तिने जवळच दोन गल्ल्या सोडून एक खोली घेतली. खोलीत वर कोणी नव्हतं, सपाट गच्ची. पहिलं वर्षभर ती त्या गल्लीत गेलीच नाही. दुकानात जायला लांबचा वळसा घ्यायची. चॅपलच्या लोकांनी घराचं काय काय केलं, ते कानांवर यायचं. जुन्या वास्तूंची जी समिती असते तिने बजावलं होतं की बाहेरच्या भिंती आणि त्यांतली दारं-खिडक्या हलवायची नाहीत, आणि जिन्याचा कोरीव कठडा इमारतीबाहेर न्यायचा नाही. माडीची जमीन मात्र मागाहून घातलेली, ती काढायला हरकत नाही. मग त्यांनी जमीन काढली, जिना काढला, आणि कठड्याचं करायचं काय, तर तो पुढे वेदीसमोर आडवा बसवला, प्रभुभोजनाच्या वेळी लोकांनी टेकायला. त्याच्या तळाशी टेकण्यापुरती एक पायरी, तीही जुन्याच जिन्याची. समितीही खूश, देवही खूश. हे सगळं धाकटीला ऐकून ठाऊक होतं, तरी पहिल्यांदा दारातून आत पाऊल टाकलं आणि मान वर केली, तेव्हा तिला घेरीच आली. छप्पर कुठल्या कुठे. आणि वर, भिंतीच्या मध्यावर, दार.

आईच्या खोलीतून मागच्या गॅलरीत उघडणारं ते दार. गॅलरी धाकटीच्या लहानपणीच ढासळली होती, तेव्हापासून दाराला आतून खिळे मारलेले. पण दार बाहेरच्या भिंतीत, म्हणून ते हलवायचं नाही. बाहेरून बघावं तर दारासमोर गॅलरी नाही, आतून बघावं तर दारासमोर जमीन नाही. दोन्हीकडून नुसतं दार, हिरवं, नव्याने रंगवलेलं, कडीसकट. येणाऱ्या-जाणाऱ्यांना आता त्याचं काही वाटत नसे. लहान मुलं तेवढी विचारायची की ते कोणाचं, आणि आया त्यांना गप्प करायच्या. धाकटीने नजरेने मापं घेतली. दाराच्या डावीकडे पलंग. पलंगाचं डोकं खिडकीकडे. तिथून काठी खाली टेकेल ती जागा हवेत कुठे येते, आणि तिच्या बरोबर खाली कोणता बाक. शेवटचा. ती जाऊन तिथे बसली. देवधर्माशी तिचं सूत कधी जमलं नव्हतं, गाणी तिला येत नव्हती, बाकीचे उभे राहिले की ती उभी राहायची, बसले की बसायची. पण दुपारी एकटीने खोलीत बसण्यापेक्षा हे बरं होतं. आणि मग एका रविवारी, पाळक हात पसरून गप्प उभे असताना, ठक्.

घाबरली का? नाही. खरं सांगायचं तर तिला आधी बरंच वाटलं. अंगात जे काही इतके दिवस सैल पडलं होतं ते ताठ झालं. मग घाम फुटला. लाकूड तडकत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं, पण कुठलं लाकूड? वर लाकूडच उरलं नव्हतं, आवाज व्हायला जमीन तर हवी. कबुतर असेल. पण कबुतराला पितळेचं टोक कुठून येणार! पुढच्या रविवारी ती कान देऊन बसली. ठोका आला. त्याच्या पुढच्या रविवारी नाही आला, आणि तो आठवडा तिचा इतका वाईट गेला की एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात तिने डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. दुकानात एक वृद्ध गिऱ्हाईक येई, त्याला सतत डोळ्यांपुढून माशी गेल्यासारखी दिसे. मालक त्याला म्हणत, सवय करून घ्या, ती कुठे जात नाही आणि चावतही नाही. धाकटीने तसंच केलं. ठोका यायचा, तिचे गुडघे आपोआप सरळ व्हायला बघायचे, ती दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसायची, गाणं सुरू व्हायचं, संपलं. असं वर्षभर निभलं. त्या एका रविवारी मात्र हातांनी बाक धरलाच नाही.

मंगळवारी दुकानात ऑर्गनवाल्या मावशी आल्या. चॅपलमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या, ठेंगण्या, ठसक्याच्या बाई. चष्म्याची काडी ढिली झाल्याचं निमित्त होतं. धाकटीने काडी आवळली, त्यांच्या कानांमागे बोटं घालून चष्मा सारखा केला, आणि तेवढ्या वेळात मावशींनी सगळं ठरवून टाकलं. येत्या रविवारी तिला मंडळीत रीतसर घ्यायचं. सोपं असतं. कठड्यापाशी उभं राहायचं, पाळक सगळ्यांसमोर विचारतील, ‘तुम्ही इथे का आलात?’ तिने म्हणायचं, ‘मला बोलावणं आलं म्हणून.’ मग त्यांनी डोक्यावर हात ठेवायचा, की झालं.

‘आणि मग तुला आपल्या आजारी मंडळात घेऊ,’ मावशी म्हणाल्या. ‘अंथरुणाला खिळलेल्यांना भेटायला जायचं असतं. आठवड्यातून दोनतीनदा. आमच्यातल्या कोणाला ते जमत नाही बघ, आम्हाला सवय नाही. तू आईचं इतकी वर्षं केलंस म्हणे, तुझा तर त्यात हात धरणारं कोणी नसेल.’

धाकटीच्या हातातला लहान पेचकस खाली पडला. ती तो शोधायला वाकली आणि टेबलाखालूनच म्हणाली, ‘मावशी, मी त्या दिवशी पुढे आले नव्हते. मी वर चालले होते. माडीवर.’

‘सगळेच वर चाललेत गं,’ मावशी म्हणाल्या. ‘माझा तर नंबर कधीही लागेल. म्हणून तर म्हणते, मी असेपर्यंत तुझं एवढं होऊन जाऊ दे.’

‘तसं नाही. तिथे आधी जिना होता.’

‘असेल की! चष्मा छान बसला हं आता.’ मावशींनी आरशात बघितलं, मग धाकटीकडे, आणि चष्मा नीट बसल्यामुळे की काय, पहिल्यांदाच जरा निरखून बघितलं. ‘अगं, त्या रविवारी मी वाजवायची थांबले ना, तेव्हा तीस वर्षांत पहिल्यांदा थांबले. माझा नवरा गेला त्या रविवारीसुद्धा मी वाजवलं होतं.’ असं म्हणून त्या गेल्या. आता या बाईला काय सांगणार? धाकटी दिवसभर काचा पुसत राहिली. पुसून झालेल्याच पुन्हा.

शेवटी शुक्रवारी दुपारी सुटी काढून ती पाळकांना भेटायला गेली. चॅपलमध्ये कोणी नव्हतं. पाळक बाकांवरची गीतपुस्तकं गोळा करत होते, नाक ओढत. रिकाम्या चॅपलमध्ये ते दार जास्तच मोठं वाटत होतं. धाकटी कधी नव्हे ती बोलत सुटली. घर, आई, काठी, खुबा, कठडा, सगळं. ठोक्याचंही सांगितलं. सांगताना तिने वर बोट दाखवलं आणि पाळकांनी वर बघितलं, आणि एवढ्यानेच तिला रडू फुटलं, कारण तिकडे कोणी तिच्याबरोबर कधी बघितलं नव्हतं. पाळकांनी तिला बसवलं. रुमाल पुढे केला, मग तो वापरलेला आहे हे आठवून मागे घेतला.

‘ताई,’ ते म्हणाले, ‘बोलावणं आलं आणि तुम्ही उठलात. मी एवढी वर्षं असा उभा राहून हात पसरतोय. इतरांना बोलावणं येतच नसेल असं नाही. पण उठत कोणी नाही.’

‘पण ते माझ्या आईचं होतं.’

‘कोणाच्या तोंडून यावं, हे आपण कुठे ठरवतो?’

‘म्हणजे तुम्ही मला खोटं बोलायला सांगताय?’

पाळकांनी रुमाल खिशात टाकला. माणूस सरळ होता. ‘मला ठरवता येत नाही, ताई,’ ते म्हणाले. ‘खरं सांगू का? इथली माणसं कमी होत चालली आहेत. चॅपल चालू ठेवायचं की नाही, असं वरिष्ठ मला विचारताहेत. त्या रविवारपासून लोकांच्या तोंडावर काय आलंय ते तुम्ही बघितलं नाही, मी बघितलंय. काल एक जण आपणहून येऊन खिडक्या पुसून गेला. तुम्ही हवं तर येऊ नका. मी काहीतरी सांगेन. पण आम्हाला तुमची गरज आहे, हे मी कशाला लपवू?’

गरज आहे. धाकटी हे शब्द घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. तिला वाटलं, सगळं सांगितलं, खरं तेच सांगितलं, आणि गाठ सुटायच्या ऐवजी आणखी आवळली. खोटं बोलून सुटता येतं, खरं बोलून सुटता येत नाही, हे कसं? तिला त्या माणसांचा राग येईना. उलट ती हवीहवीशी वाटत होती. तो म्हाताऱ्या गृहस्थांचा हात, मधली खुर्ची, आपण आत आलो की वळणारी तोंडं. पन्नाशी उलटल्यावर कोणाचं तोंड आपल्याला बघून उजळतं, ही काय साधी गोष्ट? ‘हो’ म्हटलं की ते सगळं आपलं. आणि ‘हो’ म्हटलं की पुन्हा कोणाच्या तरी पलंगाची कड, भांडं, उशी, ‘किती वेळ!’ मरेपर्यंत. आणि ‘नाही’ म्हटलं, तर सपाट गच्चीखालची खोली, आणि रविवारची दुपार, आणि तो ठोका ऐकायला शेवटच्या बाकावर कोणी नाही. आई तिथे वाजवत राहील आणि खाली कोणी नसेल. या शेवटच्या विचारासरशी ती भिंतीला टेकली. जाणारी एक बाई थांबून विचारू लागली, बरं वाटत नाही का? धाकटी म्हणाली, छे छे, अगदी बरं आहे. त्या रात्री थोरल्याचा फोन आला, तेव्हा तिने विचारलं, ‘दादा, आई मला काही म्हणायची का रे? म्हणजे माझ्याबद्दल, तुझ्यापाशी?’ थोरला म्हणाला, ‘तुझ्याबद्दल काय म्हणणार? तू तर तिथेच होतीस.’

रविवारी चॅपल भरलेलं होतं. कधी न येणारेही आले होते. ऑर्गनवाल्या मावशींनी चष्मा चढवून तिच्याकडे बघून मान हलवली, जमेल गं, अशा अर्थाची. धाकटी आज पुढच्या बाकावर बसली होती; बसवली होती. वेळ आली तसे पाळकांनी तिला हाताने बोलावलं. ती कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. सगळं चॅपल तिच्या पाठीवर येऊन टेकल्यासारखं झालं. पाळक हळू, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘तुम्ही इथे का आलात?’

उत्तर पाठ होतं. चष्म्याच्या काचा पुसता पुसता तिने ते शंभरदा घोकलं होतं, ते खोटंही नव्हतं. तिने तोंड उघडलं आणि तिला शेवटची दुपार आठवली. ती तिला आठवत नव्हती असं नाही, पण तिने ती कुठे आडबाजूला ठेवून दिली होती. त्या दुपारी ठक् झालं आणि ती वर गेली. आई खिडकीकडे बघत होती. काठी जमिनीवर पडलेली होती. आज ‘किती वेळ’ नाही, काही नाही. आईने वळून तिच्याकडे बघितलं, जरा नवलाने, आणि म्हणाली, ‘काठी पडली गं नुसती. तू कशाला आलीस?’ धाकटी दारात उभी राहिली. तिला सांगता येईना. तिने काठी उचलून पलंगाला टेकवून ठेवली, खाली आली, चहा टाकला, आणि कप घेऊन पुन्हा वर गेली. या खेपेला तर साधी काठीही पडली नव्हती, नुसतं वाटलं म्हणून गेली. तोवर आई गेली होती. तो कप हातात धरून आपण किती वेळ उभ्या होतो, आणि का आलो होतो, हे विचारायला कोणी उरलं नव्हतं.

पाळक वाट बघत होते. मावशींचे ओठ हलत होते, ‘मला बोलावणं...’ असं सुचवत. धाकटीने कठडा घट्ट धरला.

‘मला कोणी बोलावलं नव्हतं,’ ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला. ‘माझी मीच आले.’

पाळकांचा डोक्यावर ठेवण्यासाठी उचललेला हात तसाच राहिला. या उत्तरापुढे काय म्हणायचं, ते त्यांच्या रीतीत कुठेच नव्हतं. मागे कोणी खोकललं. कोणी कुजबुजलं, काय म्हणाल्या? आणि तेवढ्यात, आजवर कधी आला नव्हता इतका स्वच्छ, वरून ठोका आला. ठक्. ऑर्गनवाल्या मावशींनी दचकून मान वर केली, दाराकडे.

धाकटीने वर बघितलं नाही. तिचे गुडघे सरळच होते, पण ते कुठेही निघाले नाहीत. तिला एकदम फार दमायला झालं, इतक्या वर्षांचं सगळं एकदम. ती वळली, कठड्याला पाठ टेकली आणि त्या एका पायरीवर बसली. समोर सगळी माणसं होती, तिच्याकडे बघत. पाळक उभे होते. वरही कोणी थांबलेलं होतं. थांबू दे, तिला वाटलं. तिने हात मांडीवर ठेवले, आणि बसून राहिली.